अंकलेश्वरची नोकरी धरू की मायक्रोबायोमची पीएचडी?

पत्र (थोडं कमी करून देतेय, नाव-गाव गाळलंय):

"ताई नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली, वय २३, जळगावला एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरला. घरी सहा एकर कोरडवाहू, कापूस. भाऊ बारावीला. अंकलेश्वरच्या एका फार्मा कंपनीत क्यूसी मायक्रोमध्ये, म्हणजे औषधात जंतू नाहीत ना ते तपासायच्या विभागात, सिलेक्शन झालंय, १८ हजार पगार, परीक्षा संपली की लगेच जॉइन व्हायचंय. पण मला आतड्यातल्या जिवाणूंच्या जीनोमिक्सवर, म्हणजे त्यांचा डीएनए वाचून बघण्यावर, पीएचडी करायचीय, मायक्रोबायोम म्हणतात तो विषय. माणसाच्या शरीरात त्याच्या पेशींपेक्षा दहापट जिवाणू असतात हे ऐकल्यापासून डोक्यातून जातच नाही. पण कॉम्प्युटर येत नाही, इंग्रजी कच्चं आहे, घराण्यात कुणी पीएचडी नाही. पप्पा म्हणतात, अजून सहा वर्षं शिकून मिळणार काय. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, एवढं शिकून लोकांचं हागणं तपासणार का. मला रडूच आलं. आपल्याकडच्या पोरीने असलं स्वप्न बघावं का ताई? नोकरी सोडू का?"

बाळा,

आधी आत्याचं बोलणं घेऊ, कारण बाकी सगळं सांगून झाल्यावर शेवटी शेवटी लिहिलंयस ते पण लागलंय तेच सगळ्यात जास्त. मी पारोळ्याची. माझ्या पीएचडीची साडेपाच वर्षं मी लोकांच्या शौचाच्या नमुन्यांवरच काम केलंय आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. पहिले आठ दिवस वास येतो, मग नाकाला सवय होते. उणे ८० डिग्रीच्या फ्रीझरमधून डबी काढायची, दगडासारखी घट्ट झालेली असते, बर्फावर ठेवून त्यातला पाव ग्रॅमचा तुकडा खरवडून घ्यायचा, बारीक मणी भरलेल्या ट्यूबमध्ये टाकायचा आणि मशीनवर जोरजोरात हलवायचा, डब्यात शेंगदाणे खडखडावेत तसा आवाज येतो. हे कशासाठी, तर काही जिवाणूंची भिंत इतकी चिवट असते की नुसत्या केमिकलने फुटत नाही, ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणजे जाड भिंतीवाल्यांचं तू शिकलीच आहेस, आणि ती भिंत फुटली नाही तर तो जिवाणू तुझ्या निकालात येतच नाही, म्हणजे पोटात असून नसल्यासारखा. मग गाळायचं, धुवायचं, परत गाळायचं, आणि दिवसभराच्या कामानंतर हातात काय येतं तर दोन थेंब स्वच्छ पाणी. वास नाही रंग नाही. त्या दोन थेंबांत शेकडो जातींच्या जिवाणूंचा डीएनए असतो. पहिल्यांदा ती ट्यूब मी खिडकीशी उजेडात धरली तेव्हा मी आईला फोन केला होता, ती निंदायला गेलेली, म्हणाली काय करी ऱ्हायनी तू, आणि मला काही नीट सांगताच आलं नाही.

आत्याला उलटून बोलू नकोस. उन्हाळ्यात ती कुरडया करतच असेल. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, आणि तरी तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतोच. तो वास जिवाणूंच्या कामाचा, ते तिला सांग. आणि अजून एक सांग जे मी खेड्यातल्या कितीतरी बायांना सांगितलंय आणि प्रत्येक वेळी त्या गप्प होऊन ऐकतात: आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. मग त्या असतात कशाला? बाळाच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू असतात, ते त्या खातात. म्हणजे आई दूध पाजते तेव्हा बाळाबरोबर त्या जिवाणूंचाही घास भरवत असते. हे माणसाला कळलं कसं, तर कुणीतरी बाळांचे लंगोट तपासले म्हणून.

आता तुझ्या त्या दहापटीबद्दल, हे मात्र तुला दुरुस्त करावं लागेल. दहाला एक हे गणित खूप वर्षं पुस्तकांत छापत आले, फारसं कुणी परत मोजून बघितलं नाही. २०१६ मध्ये सेंडर, फुक्स आणि मिलो या तिघांनी नीट हिशोब मांडला तेव्हा ७० किलोच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी माणसाच्या स्वतःच्या पेशी असा आकडा आला, म्हणजे जवळजवळ बरोबरीत, आणि सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास. बरोबरी तरी काही कमी नाही ना गं! पण पीएचडीच्या इंटरव्ह्यूला दहापट म्हणालीस तर समोरचा लगेच ओळखेल की ही जुनं ऐकीव बोलतेय. या विषयात ऐकीव फार आहे म्हणून सांगतेय, एखादं वाक्य फार आवडलं की ते कुणी मोजलं, कधी मोजलं ते शोधायची सवय आत्तापासून लाव.

"आपल्याकडच्या पोरीने असलं स्वप्न बघावं का" हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मला तर वाटतं यातलं काही काम आपल्याकडच्याच पोरीने करायला पाहिजे, आणि ते मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. ढाक्यात मीरपूर म्हणून दाट वस्ती आहे, तिथल्या कुपोषित बाळांवर अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी संस्थेचे तहमीद अहमद यांच्या टीमने बरीच वर्षं काम केलं. त्यांना दिसलं की निरोगी बाळ मोठं होतं तसे त्याच्या आतड्यातले जिवाणूही एका क्रमाने मोठे होतात, बदलतात, आणि कुपोषित बाळाचे मात्र मागेच राहतात, बाळ दीड वर्षाचं पण जिवाणू त्याहून लहान बाळाचे. पोट भरून खायला दिलं की वजन थोडं वाढतं पण हे जिवाणू तसेच मागे. मग त्यांनी उलटं शोधायला घेतलं, की तिथल्याच लोकांच्या घरात असलेल्या खाण्यातलं काय दिलं तर हे मागे राहिलेले जिवाणू वाढतील. उंदरांवर बघितलं, डुकराच्या पिल्लांवर बघितलं, मग बाळांवर. २०२१ मध्ये १२ ते १८ महिन्यांच्या १२३ बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला, तीन महिने दिलेलं त्यांचं नवं खाणं नेहमीच्या तयार पोषण-पेस्टपेक्षा वजनवाढीला सरस ठरलं, आणि गंमत म्हणजे कॅलरी त्या नेहमीच्या पेस्टमध्येच जास्त होत्या.

त्या नव्या खाण्यात मुख्य काय होतं सांगू? हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ आणि कच्ची केळी.

मी तो पेपर वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला झोप लागली नाही. रावेर-यावलची केळी ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जाते, हरभरा आपल्याकडे घरोघर, सोयाबीन आहे, भुईमूग आहे. आणि तिकडे नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर अंगणवाडीत बाळाच्या दंडाला मापाची पट्टी लावली की अजूनही ती लाल रंगावर, म्हणजे फार कुपोषित या खुणेवर थांबते. यातलं काय आपल्याकडे नाही सांग. नाही ते एवढंच की या पोरांच्या आतड्यात नेमके कोण जिवाणू आहेत, कोणते मागे पडलेत, त्यांना काय खायला लागतं हे पाड्यापाड्यावर बसून वर्षानुवर्षं बघणारं माणूस. ढाक्याचं जसंच्या तसं उचलून धडगावला चालेलच असं मी म्हणत नाही हं, चालणार नाही कदाचित, तिथलं खाणं वेगळं पाणी वेगळं. भारतीय लोकांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाचा जिवाणू भरपूर सापडतो, पाश्चात्त्य लोकांत त्याच्या जागी बॅक्टेरॉइड्स जास्त दिसतो, त्यामागे आपलं धान्य-डाळी-भाजीचं जेवण आहे असं मानतात. मग वर्षानुवर्षं कळण्याची भाकरी खाणाऱ्या माणसाचं काय, भगर-नागली खाणाऱ्या पावरा आदिवासी घरातल्या बाळाचं काय, हे बघायला त्या घरात आधी बसता आलं पाहिजे. मी एका गावात नमुने घ्यायला गेले होते, टीममधल्या मुलाने फॉर्म वाचून दाखवला आणि बाई नुसती बघत राहिली. मी अहिराणीत सांगितलं, का पाहिजे, कशाला पाहिजे, नाही दिलं तरी राग नाही. तिने आधी चहा केला मग डबी घेतली. ती भाषा तुला फुकट मिळालेली आहे, ती कोणत्याही कोर्समध्ये मिळत नाही. आणि संमती म्हणजे नुसता अंगठा नाही हे ज्याला आतून कळतं त्यानेच असल्या गावात नमुने मागायला जावं असं माझं मत आहे.

आता कडू बाजू, ती सांगितली नाही तर मी तुझी फसवणूक केली असं होईल. या विषयात जितकं खरं आहे तितकंच फुगवलेलंही आहे. पोटातले जिवाणू तपासून डाएट सांगतो म्हणणाऱ्या जाहिराती तू बघितल्या असशील, त्यातलं बरंचसं अजून विज्ञानाने सिद्ध केलेलं नाही. एखादा जिवाणू आजारी माणसात जास्त दिसला म्हणजे आजार त्याच्यामुळे झाला असं होत नाही, आजारामुळे खाणं बदललं म्हणून तो वाढला असंही असेल किंवा आजारासाठी घेतलेल्या औषधाने तो वाढला असेल. आणि मोठे मोठे लोक चुकतात गं. कॅन्सरच्या गाठींमध्ये जिवाणूंची ओळख पटते असा एक पेपर २०२० मध्ये नेचर या नावाजलेल्या विज्ञान नियतकालिकात आला, त्यावर कितीतरी जणांनी पुढचं काम उभं केलं, आणि २०२४ मध्ये तो मागे घ्यावा लागला, डेटा हाताळण्यातच गडबड निघाली. गर्भाच्या वारेत जिवाणूंची वस्ती असते म्हणून २०१४ ला गाजलं, २०१९ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं की बहुतेक ते लॅबच्या किटमधून आणि हाताळणीतून आलेले.

किटमधून म्हणजे काय ते मी स्वतः भोगलंय. दुसऱ्या वर्षाला माझे ४० नमुने झाले, पीसीआर झालं म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढून झाल्या, त्या जेलवर लावल्या, डीएनए असेल तिथे पट्टी चमकते. प्रत्येक वेळी एक ट्यूब कोरी ठेवायची असते, तिच्यात नमुना नाही, बाकी सगळं तेच, तिला ब्लँक म्हणतात. ब्लँकची लेन काळीशार दिसायला पाहिजे. यूव्हीच्या उजेडात बघते तर बाकीच्यांसारखीच दीड हजार बेसच्या, म्हणजे डीएनएच्या दीड हजार अक्षरांच्या जागी तिथेही पट्टी. पुसट होती, पण होती. म्हणजे पाण्यातून नाहीतर किटमधून नाहीतर माझ्याच हातून कुठून तरी जिवाणूंचा डीएनए शिरला होता. शेजारचा मुलगा म्हणाला पुसट आहे, सोडून दे, फोटोत दिसणार नाही. मी तिथे स्टुलावर बसून राहिले. मग तीन आठवड्यांचं काम सगळं टाकलं, एकेक बाटली बदलून परत केलं, शेवटी पाण्याच्या बाटलीत निघालं. ते तीन आठवडे टाकताना मला जे वाटलं ते तुला चालणार असेल तरच इकडे ये. या कामात रोज मोठे शोध लागत नाहीत, ब्लँक काळी आहे की नाही हे बघण्यात वर्षं जातात.

म्हणून तू "नोकरी सोडू का" विचारलंस त्याचं उत्तर मी आज हो-नाही देणार नाही, आधी तू थोडं करून बघ. पप्पा नवीन वाण सगळ्या सहा एकरांत एकदम लावतात का? आधी चार ओळी लावून बघतात. तुझ्या हातात अजून हे सेमिस्टर आहे, प्रोजेक्ट असेलच, त्यातच बसव. कॉम्प्युटर येत नाही म्हणतेस ना, तिथूनच सुरू कर. सिक्वेन्सिंग म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या मशीनमधून येते ती शेवटी साधी टेक्स्ट फाइल असते, एका तुकड्याच्या चार ओळी: पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत ए-सी-जी-टी अक्षरं, तिसरीत अधिकचं चिन्ह, चौथीत प्रत्येक अक्षरावर किती भरवसा ठेवायचा त्याची खूण. असे लाखो तुकडे. जिवाणू ओळखायला १६एस हा जीन वापरतात, साधारण दीड हजार अक्षरांचा, प्रत्येक जिवाणूत असतो, त्याचा काही भाग सगळ्यांत सारखा आणि नऊ जागा अशा की त्या जातीजातीत बदलतात. कार्ल वोज यांनी १९७७ मध्ये याच जीनपासून बनणाऱ्या रेणूच्या तुलनेवरून आर्किया हा जीवांचा अख्खा वेगळा गट दाखवून दिला, हे तुला सिलॅबसमध्ये असेल, पण त्याच अक्षरांकडे स्वतः बघितलंस की ते पाठांतर राहत नाही.

असा जिवाणूंचा डेटा तपासायचं चाइम-२ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्याबरोबर सरावाचा डेटा मिळतो: दोन माणसं, त्यांचं आतडं, जीभ, डावा तळवा, उजवा तळवा, पाच वेगवेगळ्या वेळी. लॅपटॉप जुना असेल तर गॅलक्सी म्हणून वेबसाइट आहे, ब्राउझरमध्येच चालते, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. दोन रविवार दे. पहिल्या रविवारी एरर सोडून काही दिसणार नाही, ते सगळ्यांचंच होतं, एरर जशीच्या तशी गुगलवर टाकायची, कुणाला ना कुणाला तीच आलेली असते. दुसऱ्या रविवारी शेवटी एक चित्र येईल, एक ठिपका म्हणजे एक नमुना, सारखे नमुने जवळजवळ: जिभेचे ठिपके एका कोपऱ्यात, आतड्याचे दुसऱ्या कोपऱ्यात, आणि तळवे मध्ये पसरलेले. ते चित्र बघून तुला पुढे काय विचारावंसं वाटतं का ते बघ, म्हणजे दोन माणसांच्या जिभा एकमेकींसारख्या जास्त की एकाच माणसाची जीभ आणि आतडं सारखं, असलं काही. विचारावंसं वाटलं तर तू या कामाची आहेस. नाही वाटलं, नुसता कंटाळा आला, तर अंकलेश्वरची नोकरी घे आणि मान वर करून घे, क्यूसीतल्या पोरीने हवेतले जंतू पकडायच्या सेटल प्लेटवरची एक वसाहत नीट मोजली म्हणून सलाइनची बाटली सुरक्षित असते, ते काम काही हलकं नाही.

मग समज तुला पुढचे प्रश्न पडले. तरी मी लगेच पीएचडीला नाव घालू नकोस म्हणेन. आधी एक वर्ष एखाद्या चालू प्रोजेक्टवर पगारी काम कर, प्रोजेक्ट असोसिएट किंवा असिस्टंट म्हणून, संस्थांच्या वेबसाइटवर जाहिराती येत राहतात. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही केंद्र सरकारची पेशीविज्ञानाची संस्था आहे, डॉ. योगेश शौचे यांनी तिथे भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर खूप काम उभं केलं, जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रहही तिथलाच. जळगावला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलीस की पुणं. भोपाळचं आयसर भुसावळहून सरळ रेल्वेने. लांब जायची तयारी असेल तर फरिदाबादचं टीएचएसटीआय, चंदीगडचं इमटेक, कोलकात्याजवळ कल्याणीचं एनआयबीएमजी. अशा ठिकाणी एक वर्ष राहिलीस की दोन गोष्टी होतात, हाताला काम येतं आणि कोणाच्या हाताखाली पीएचडी करायची नाही ते कळतं. दुसरी जास्त महत्त्वाची. माझ्या वेळी फेलोशिपचे पैसे सात महिने अडकले होते, कागद या टेबलवरून त्या टेबलवर, आणि माझ्या त्यावेळच्या वरिष्ठांना ते माहीत असून त्यांनी एक सही करायला दोन महिने घेतले. मी भावाकडून उसने घेतले, त्याने कापूस भाव नसताना विकला, ते मला आजही टोचतं. त्यामुळे गाइड निवडताना नुसते पेपर किती ते बघू नकोस, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर, विचार किती वर्षं लागली, फेलोशिप वेळेवर यायची का, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं, मुलगी आजारी पडली तर काय होतं. चौघांपैकी दोघांनी आढेवेढे घेतले तर समजून जा.

त्याच वर्षात सीएसआयआर नेट या संशोधनाच्या पात्रता परीक्षेचे दोन अटेम्प्ट दे, लाइफ सायन्सेसचा पेपर, साधारण वर्षातून दोनदा होतो. जेआरएफ म्हणजे त्यातली संशोधनाची फेलोशिप लागली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि नंतर ४२ हजार, वर घरभाडं भत्ता वेगळा, म्हणजे पप्पांना एक पैसा मागावा लागत नाही, तूच घरी पाठवशील. जेआरएफ नाही लागली पण पीएचडीपुरतं पात्र झालीस तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांतलं तुला जे लागू असेल त्याच्या फेलोशिपची जाहिरात बघत राहा. गेट आणि डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) परीक्षा पण भरून ठेव, अभ्यास बराचसा तोच.

पप्पांचा प्रश्न खरा आहे, मिळणार काय. खरं सांग त्यांना. पाच-सहा वर्षं पीएचडी, मग दोन-तीन वर्षं पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, आणि कॉलेजात कायमची जागा धरून चालू नये, आपल्या आजूबाजूला तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे पीएचडीवाले त्यांनीही बघितले असतील. पण या विषयात हात बसलेला माणूस नुसत्या कॉलेजवर अवलंबून राहत नाही. कोविडमध्ये विषाणूचं रूप कसं बदलतंय ते बघायला डिसेंबर २०२० मध्ये देशभरातल्या १० लॅब मिळून इन्साकॉग सुरू झालं, तिथे हेच सिक्वेन्सिंग आणि हेच कॉम्प्युटरचं काम येणारी पोरं लागली. औषधांना दाद न देणारे जिवाणू शोधायला हॉस्पिटलांना लागतात, बेंगळुरू-हैदराबादच्या सिक्वेन्सिंग कंपन्यांना लागतात. जिला ओली लॅब म्हणजे नमुने-केमिकलचं हातकाम आणि कॉम्प्युटर दोन्ही येतं तिला घरी बसावं लागत नाही असा माझा अनुभव आहे.

आणि जीनोमिक्स म्हणजे काय ते पप्पांना त्यांच्याच कापसातून समजाव. बीटी बियाणं ते २० वर्षं लावतायत, बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू, त्याचा एक जीन कापसात घातला म्हणून अळी मरायची, २००२ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळाली. आणि मग गुलाबी बोंडअळी त्याला सरावली, २०१७ ला बोंडं फोडून बघितली की आत अळी, ते वर्ष त्यांच्या डोळ्यासमोर असेलच. त्यांना सांग की पप्पा, एका जिवाणूच्या एका जीनने तुमचं शेत उभं केलं आणि अळीच्या जीनमधल्या बदलाने आडवं केलं, मला असल्याच गोष्टी वाचायला शिकायच्यात, फक्त शेताऐवजी माणसाच्या पोटात. परवानगी मागू नकोस, मुदत माग. पप्पा, मला १८ महिने द्या, त्यात पगारी काम करेन, नेट दोनदा देईन, नाही झालं तर तुम्ही म्हणाल ती नोकरी. शेतकऱ्याला मुदत समजते, पीककर्जाला पण मुदत असते. लग्नाचं तू काही लिहिलं नाहीस पण विषय निघणारच, तेव्हा हेच १८ महिने सांग, त्यापुढचं त्यापुढे.

एक गोष्ट मात्र मला माहीत नाही आणि तू लिहिली नाहीस, घरावर कर्ज किती आहे. सोसायटीचं थकलेलं असेल, भावाची फी डोक्यावर असेल आणि तुझे १८ हजार आले नाहीत तर घर अडणार असेल, तर अंकलेश्वरला जा. मनात काही ठेवू नकोस. तिथून रात्री नेटचा अभ्यास करणं फार अवघड आहे, शिफ्ट असते, पाय सुजतात, पण माझ्याबरोबरच्या दोघी तशाच आल्या, एक तीन वर्षांनी, एक चार. दार बंद होत नाही.

इंग्रजीचं थोडक्यात सांगते. रोज एका पेपरचा फक्त सारांश वाच आणि त्याच्याखाली तीन ओळी मराठीत लिही, काय विचारलं, काय केलं, काय निघालं. मराठीत लिहिता आलं म्हणजे कळलं, मग त्याच तीन ओळी इंग्रजीत. सुरुवात त्या ढाक्याच्या पेपरने कर.

आणि हे सगळं नंतर, आज एक काम कर. कंपनीच्या एचआरला मेल टाक, प्रोजेक्ट सबमिशनचं कारण दे, खरंच आहे ते, आणि जॉइनिंगची तारीख सहा आठवडे पुढे मिळेल का विचार. बहुतेक कंपन्या फ्रेशरला तेवढं देतात, आणि नाहीच म्हणाले तरी विचारल्याने सिलेक्शन सहसा जात नाही. त्या सहा आठवड्यांत तुझे दोन रविवार येतात. ते चित्र आलं की मला पाठव, जिभेचे ठिपके कुठल्या रंगात घेतलेस ते पण लिही, आणि एरर आली तर एररचा फोटो पाठव, मी बघते.

तुझी,
ताई